कोकणातल्या कौलारू घरातला पहिला पावसाळा: घर आणि जनावरे यांच्या तयारीचा क्रम

वडिलोपार्जित घर, भोवती काही गुंठे जमीन, दाराशी एक कुत्रा, चुलीशी मांजर, गोठ्यात एखादी गाय आणि मागल्या अंगणात चार कोंबड्या असा संसार घेऊन शहरातून रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात कायमचे राहायला येणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कोकणपट्टीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे घराची डागडुजी आणि जनावरांची काळजी यांचे वेळापत्रक आपण ठरवत नाही, ते मृग नक्षत्र ठरवते. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी जे उरकले नाही, ते दिवाळीपर्यंत उरकत नाही, असे धरूनच चालावे.

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ असा होतो की तो घर आणि जनावरे ही दोन वेगळी कामे समजतो. प्रत्यक्षात फुटक्या कौलातून पाणी आले की कणगीतले भात भिजते, भिजलेल्या धान्यावर उंदीर येतात, उंदरांमागून साप येतो, उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप पसरतो आणि उंदरांसाठी ठेवलेल्या विषाने मांजर मरते. म्हणून खालील क्रम छपरापासून सुरू होऊन गोठ्यापर्यंत उतरतो, आणि तो शक्यतो बदलू नये.

आधी जमवून ठेवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांत सातबारा, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, वीजबिल, आधार, बँक पासबुक आणि जनावरांची लसीकरण कार्डे एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावीत. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंदीचे काम पावसाळ्याआधी सुरू करावे. वादळात छप्पर उडाले तर नुकसानभरपाईच्या वेळी याच नोंदीवर घोडे अडते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून गेले. म्हणजे ही शक्यता कागदावरची नाही.

साधनांत बांबूची मजबूत शिडी, जाड दोर, दोन ताडपत्र्या, गमबूट, जाड हातमोजे, चांगल्या उजेडाची बॅटरी, कोयती, फावडे, घमेले, गंज न धरणारी बारीक तार आणि जास्तीची पन्नासेक कौले एवढे तरी हवेच.

१. छपराची पाहणी एप्रिलमध्येच करा

भर दुपारी माजघरातले दिवे मालवून आढ्याकडे (छपराच्या माथ्याकडे) पाहावे. जिथे उन्हाचा कवडसा दिसतो तिथून पाणी येणार. प्रत्येक जागेच्या खाली जमिनीवर खडूने खूण करावी आणि वासे मोजून जागा लिहून ठेवावी, कारण वर चढल्यावर खालची जागा ओळखू येत नाही. वाशांवर काळे ओघळ दिसले तर कवडसा नसला तरी तिथे गळती आहे असे समजावे. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) जिथे आत मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत वर्षभराचा पाला साचलेला असतो. सर्वांत जास्त पाणी इथूनच घरात शिरते आणि सर्वांत कमी लक्ष इथेच जाते.

याच वेळी छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या उतरवाव्यात आणि पाडेल्याला (माडावर चढणाऱ्या गड्याला) बोलावून घरावर येणाऱ्या माडाचे नारळ व सुकल्या झावळ्या पाडून घ्याव्यात. जूनच्या वाऱ्यात एक सुका नारळ चार कौले फोडतो. फांद्या दूर गेल्या की वानरांनाही छपरावर उडी घेणे अवघड जाते, आणि कौले फुटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

२. कौले परतून घ्या

गडी मार्चअखेरीसच सांगून ठेवावेत, कारण मे महिन्यात साऱ्या वाडीची शाकारणी एकदमच निघते. मजुरी, चहा-जेवण आणि फुटलेल्या कौलांचा हिशेब आधी बोलून घ्यावा.

मंगलोरी कौलांच्या बाबतीत पहिला सापळा मापाचा आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाथोडा फरक असतो, त्यामुळे एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. वरून ओळ सरळ दिसते, पण सांध्यात बोटभर फट राहते. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. एक धड कौल सोबत नेऊन त्याच्याशी नवे कौल जोडून पाहावे आणि मगच खरेदी करावी. तो कारखाना बंद पडला असेल तर गावात जिथे जुने घर उतरवून स्लॅब टाकत असतील तिथे चौकशी करावी. तेही जमले नाही तर जुनी धड कौले एका पाख्यावर एकत्र करावीत आणि दुसरे पाखे पूर्ण नव्या कौलांनी शाकारावे. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

काम सुरू झाले की पुढील क्रम पाळावा.

अ) एका वेळी एकच पाखे उघडावे, आणि तेही दिवसात बंद करता येईल एवढेच. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव कधीही येतो, म्हणून ताडपत्री दोरासकट आढ्याशी तयार ठेवावी.

आ) आधी आढ्यावरचे कोने (माथ्यावर बसवलेली कौले) काढावेत, मग वरून खाली ओळीने कौले उतरवावीत. वरच्या माणसाने कौल हातात द्यावे, टाकू नये. प्रत्येक कौल उचलताना हातमोजे असावेत आणि कौलाखाली थेट बोटे घालू नयेत, कारण कौले आणि रिपा (कौले अडकवायच्या लाकडी पट्ट्या) यांच्या मधली कोरडी सावली ही विंचवाची आवडती जागा आहे.

इ) खाली आलेले कौल काथ्याने घासून शेवाळे काढावे आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. खणखणीत वाजले तर धड. बद्द वाजले तर त्यात केसाएवढी चीर आहे. अशी कौले गोठ्याच्या किंवा लाकडाच्या खोपीसाठी बाजूला काढावीत.

ई) उघड्या पडलेल्या रिपा आणि वासे तपासून, बदलायचे ते बदलून, वळचणीपासून (छपराच्या खालच्या कडेपासून) वर चढत कौले मांडावीत, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर बसते. कौलाच्या पाठीवरचे दात रिपेला नीट अडकले आहेत का, ते हात लावून पाहावे. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौले तारेने रिपेला बांधावीत, कारण वारा छप्पर नेहमी कडेने उचलतो.

उ) शेवटी कोने बसवून त्यांचे सांधे भरावेत. सिमेंटचे प्रमाण फार जास्त ठेवले तर माल तडकतो आणि मग दरवर्षी तेच काम निघते. माल लावल्यावर काही दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे.

छपरावर स्वतः चढणार असाल तर कमरेला दोर बांधून तो आढ्याला अडकवावा, पाऊल नेहमी वाशाच्या रेषेवर ठेवावे आणि शेवाळलेल्या कौलांवर पाऊस पडून गेल्यावर पाय ठेवू नये. स्वयंपाकघर आणि न्हाणीवर एखादे काचेचे कौल बसवून घ्यावे. पावसाळी अंधारात त्याचा उपयोग फार होतो.

३. लाकूड, वाळवी आणि झाडतोडीची परवानगी

वाशांवर मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या पुसून वाळवी जात नाही. नळी जमिनीपासून कुठून चढली ते शोधून तिथपर्यंत औषध घालावे लागते. टोकदार सळई वाशात टोचून पाहावी, सहज आत गेली तर तो वासा बदलावा. कोकणात वाशांना आणि रिपांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे आणि वाळवीवर ते चांगले काम करते. परंतु हे तेल त्वचा भाजते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच लावावे, आणि ते वाळेपर्यंत मांजराला माळ्यावर जाऊ देऊ नये.

नवे वासे स्वतःच्याच जागेतल्या झाडाचे काढायचे असले तरी परवानगी लागते. ऐन, किंजळ, साग, फणस, आंबा, जांभूळ ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत येतात. ‘जमीन आपली, झाड आपले’ एवढे पुरत नाही. अर्जाबरोबर सातबारा जोडावा लागतो, आणि सामाईक सातबारा असेल तर इतर हिस्सेदारांची संमतीही, म्हणून हे काम हिवाळ्यातच उरकावे.

४. भिंती, पडवी आणि पाण्याच्या वाटा

पावसाळी वारे नैऋत्येकडून येतात, म्हणून घराची पश्चिम आणि दक्षिण बाजू सर्वांत जास्त झोडपली जाते. त्या बाजूला पडवीला माडाच्या विणलेल्या झापांची किंवा ताडपत्रीची झड बांधावी. जांभ्याची भिंत पाणी शोषते आणि उघडीप मिळाली की सोडते. तिच्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल भिंतीतच कोंडते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. माझ्या मते नवख्या माणसाने जुन्या चिऱ्यांना गिलावा करण्याची घाई करू नये. सुटलेले दर्जे (चिऱ्यांमधले सांधे) भरून घ्यावेत आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचणार नाही एवढे पाहावे. त्यासाठी वळचणीखाली घराभोवती उताराचा चर काढून तो पाणंदीकडे न्यावा. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) निखळलेले दगड आत्ताच लावावेत, पण गडग्याच्या फटीत हात घालण्यापूर्वी काठीने ठोकून घ्यावे.

५. विहीर

गाळ मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर काढतात. उतरण्यापूर्वी वायुविजन होईल असे पाहावे, एकट्याने कधीच उतरू नये, आणि डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा पंप विहिरीच्या आत ठेवून चालवू नये. त्याचा धूर खाली साचतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही. वर कठडा नसेल तर बांधावा किंवा लोखंडी जाळी टाकावी. कुत्रे, वासरे आणि रात्री भक्ष्यामागे धावणारा बिबट्या हे सगळेच उघड्या विहिरीत पडतात.

पहिल्या पावसाचे पाणी विहिरीत मिसळले की शुद्धीकरण करावे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या मीटरमधल्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ९,८०० लिटर भरते. ताज्या ब्लीचिंग पावडरचे प्रमाण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे २५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि बादली वरखाली करून ढवळावे. त्यानंतर किमान एक तास पाणी वापरू नये. उघड्या पुडीतली जुनी पावडर निकामी झालेली असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

६. वीज

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, त्याचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. कपडे वाळत घालण्याची तार विजेच्या खांबाला किंवा पंपाच्या लोखंडी पाइपला बांधू नये, तिथे नायलॉनची दोरी वापरावी. तार तुटून अंगणात पडली तर जनावरांना दूर ठेवून महावितरणला १९१२ वर कळवावे.

७. कुत्रा आणि मांजर

शहरातल्या फ्लॅटमधून आलेल्या कुत्र्याला गावात गोचीड, रानडुक्कर, साप आणि वाडीतले मोकळे कुत्रे हे सारे एकदम भेटतात, म्हणून येण्यापूर्वीच लसी पूर्ण कराव्यात. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टो यांची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी. नंतर दरवर्षी पुन्हा. लस २ ते ८ अंश तापमानातच टिकते. तालुक्याहून विकत आणून गावात टोचून घेणार असाल तर ती बर्फाच्या डब्यातूनच आणावी. उन्हात खिशातून आणलेली लस टोचणे म्हणजे लस न टोचणेच. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कुत्रा किंवा मांजर चावले, अगदी घरचे असले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) हेही द्यावे लागते. ते कुठे उपलब्ध आहे हे आधीच विचारून ठेवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नाहीतच, म्हणून इथे थांबून पाहण्याला जागा नाही.

गोचिडांसाठी रोज संध्याकाळी कुत्र्याचे कान, काख आणि पायाच्या बोटांमधली जागा चाचपावी. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, नखाने चिरडू नये आणि तिच्यावर रॉकेल ओतू नये. दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरी भागात राहणाऱ्यांनी डिसेंबर ते मे या काळात जंगलातून आल्यावर स्वतःचे अंगही तपासावे, कारण माकडताप गोचिडांतूनच येतो. माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

मांजराच्या बाबतीत तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते. कुत्र्यासाठी मिळणारे परमेथ्रिनचे गोचीडनाशक मांजराला लावले तरी तोच परिणाम होतो. आणि उंदरांसाठी विष ठेवले तर विष खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजरच पकडते. ज्या घरात मांजर आहे तिथे विष न ठेवता पिंजरा लावावा, आणि धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे.

८. गोठा आणि खुराडे

गायी-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या या लसी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच टोचून घ्याव्यात. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा असते, आणि लम्पीची लसही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी. जनावर विकत घेताना कानातला बारा अंकी बिल्ला आहे का ते पाहावे आणि तो आपल्या नावावर करून घ्यावा; सरकारी योजना आणि भरपाई त्या क्रमांकावर चालतात. तातडीच्या उपचारासाठी १९६२ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

गोठ्याची जमीन मुताच्या चराकडे उतरती असावी, आणि पेंढा जमिनीपासून हातभर उंच माचावर रचावा. गोठा धुताना गमबूट घालावेत. पायाला जखम असताना अनवाणी शेण-मुतात उभे राहणे हा लेप्टो होण्याचा सरळ मार्ग आहे. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत कळा आणि लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना ‘घरी जनावरे आहेत’ हे त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.

खुराडे जमिनीपासून उचललेले असावे आणि त्याला बारीक डोळ्यांची वेल्ड केलेली जाळी असावी. साध्या षटकोनी जाळीतून मुंगूस तोंड घालते आणि धामण सरळ आत जाते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस द्यावी.

९. साप, विंचू आणि बिबट्या

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप घराच्या आसपास भेटतात, आणि कोकणात फुरशाचे प्रमाण विशेष आहे. ते लहान, मातीच्या रंगाचे असते आणि जांभ्याच्या कातळावर दिसत नाही. सरपणाचा ढीग घराच्या भिंतीला टेकून रचू नये, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नये आणि गमबूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत. चावल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. अवयव हलू न देता १०८ ला बोलावून किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालयात जावे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि हे पहिल्या तासात दिसेलच असे नाही. म्हणून माणूस बरा दिसतो म्हणून घरी परत आणू नये, रक्त गोठते की नाही याची तपासणी पुन्हा पुन्हा करून घ्यावी.

लाल विंचू चावून अंगाला दरदरून घाम, उलटी आणि हात-पाय गार पडणे असे दिसले, विशेषतः लहान मुलात, तर क्षणही दवडू नये. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून पुष्कळ जीव वाचवले, आणि ते औषध आता सर्वत्र वापरले जाते. पण ते डॉक्टरांनीच द्यायचे असते.

कुत्र्याला रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवणे म्हणजे त्याला बिबट्यापुढे बांधणे होय. अंधार पडण्यापूर्वी त्याला पडवीच्या जाळीआड किंवा घरात घ्यावे. बिबट्याने गाय किंवा शेळी मारली तर मृत जनावर हलवू नये, फोटो काढून ठेवावेत आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे.

१०. पाऊस लागल्यावर

पहिल्या मोठ्या सरीत बॅटरी घेऊन माळ्यावर जावे आणि एप्रिलमधल्या यादीप्रमाणे प्रत्येक जागा पाहावी. एखादेच कौल सरकले असेल तर ते आतून, माळ्यावरच्या भक्कम तुळईवर उभे राहून, हाताने वर उचलून जागेवर सरकवता येते. बाहेरून छपरावर चढण्याची गरज नसते. पन्हळीतला पाला दर आठवड्याला काढावा.

वादळात छपराचे नुकसान झाले तर ताडपत्री टाकण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, फुटलेली कौले मोजून एका जागी रचून ठेवावीत आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांना त्याच दिवशी कळवावे. पंचनाम्यात घरासोबत गोठा, खुराडे आणि भिजलेले धान्यही लिहून घ्यावे, मजकूर पूर्ण वाचूनच सही करावी आणि त्याची प्रत किंवा निदान फोटो त्याच वेळी घेऊन ठेवावा.